रोग्याचं म्हणणं केसपेपरवर येऊ द्या

प्रति,
माननीय कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



मी साताऱ्यात राहतो. मोडी वाचतो आणि शिकवतो. वैद्यकाचं शिक्षण मी घेतलेलं नाही. तरी हे पत्र आपल्यालाच लिहायचं ठरवलं, कारण आपल्या विद्यापीठातून बाहेर पडणारा प्रत्येक डॉक्टर, प्रत्येक वैद्य आणि प्रत्येक परिचारिका आयुष्यभर जे काम करणार आहे, तेच काम अठराव्या शतकातले मिरजेचे, साताऱ्याचे, पुण्याचे कारकून करत होते. दुसऱ्याचं दुखणं ऐकायचं आणि ते कागदावर उतरवायचं. त्यांनी ते कसं उतरवलं हे माझ्या रोजच्या वाचनात येतं. आज ते कसं उतरवलं जातं हे घरातल्या माणसांचे केसपेपर हातात आले की दिसतं. या दोन कागदांत जे अंतर पडलं आहे, त्याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच भाषेत, दोन-तीन ओळी का होईना, केसपेपरवर लिहिली जावी. ती लिहायची सवय विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून लागावी. आणि त्या शिक्षणासाठी आपल्याच भागातली जुनी पत्रं वापरावीत.

मिरज हे नाव वैद्यकातल्या माणसाला नवं नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं रुग्णालय सुरू केलं, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज जत-कवठेमहांकाळपासून अथणी-विजापूरपर्यंतचा माणूस दुखणं हटेना की ‘मिरजेला दाखवू’ म्हणून निघतो. वॉनलेस यायच्या आधीपासून याच गावात एक संस्कृतचे शिक्षक राहत होते, वासुदेवशास्त्री खरे. शाळेत शिकवायचं, नाटकं लिहायची, आणि उरलेला सगळा वेळ पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतले मोडी कागद वाचण्यात घालवायचा, असा त्यांचा क्रम. १८९७ पासून त्यांनी ते कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावानं छापायला घेतले. १९२४ साली ते वारले तेव्हा बारा भाग झाले होते. एका शाळामास्तरानं केलेलं हे काम आहे, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी तसाच ध्यास घेतला. नाना फडणिसांचं वाईजवळच्या मेणवलीचं दप्तर त्यांनी मिळवलं, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला, साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभं केलं. १९२६ साली ते गेले आणि १९३९ साली त्यांचा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. सातारा आणि सांगली हे तसे एकाच मुलखाचे दोन तुकडे. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं सरकारी नावच दक्षिण सातारा होतं. त्यामुळे या दोन गावांच्या कागदांबद्दल एकत्रच बोलावं लागतं.

अभ्यासकांनी हे कागद लढायांसाठी वाचले, तहांसाठी, कर्जांसाठी, वतनाच्या भांडणांसाठी वाचले. ते योग्यच होतं. पण त्याच कागदांत माणसाचं शरीर जागोजागी आहे, आणि वैद्यकाच्या माणसानं ते बसून वाचल्याचं क्वचितच दिसतं.

पत्र कसं असे ते सांगतो. लांबट कागद, बोरूची लेखणी. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जाई. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. पहिली ओळ ठरलेली: विनंती विज्ञापना, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. आणि हे कुशल लिहून होतं न होतं तोच खरी हकीकत सुरू होते, की शरीरी समाधान नाही. ज्वर कोणत्या तिथीपासून येतो. सकाळी येतो की दिवेलागणीला. हुडहुडी भरून येतो की नुसतंच अंग तापतं. अन्नावर वासना आहे का. झोप लागते का. ढाळ किती होतात. उठून बसवतं की पडूनच असतात. कोणाचा काढा दिला, कशाबरोबर दिला, किती दिवस दिला, उतार पडला की नाही. कोणता नवस बोलला, कोणतं अनुष्ठान बसवलं. दुखणं कागदावर मांडायची ही रीत होती.

उलट टपाली औषधाची पुडी येई, तिच्यासोबत अनुपान येई, पथ्य येई. मात्रा मधातून द्यायची की आल्याच्या रसातून, आंबट बंद की दूधही बंद, किती दिवसांनी पुन्हा लिहून कळवायचं, हे सगळं त्यात असे. जासूद पळत नेणार, पावसाळा असेल तर कृष्णेला उतार कुठं मिळतो ते बघत थांबणार. तेवढ्या काळात दुखणं पालटलेलं असायचं हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असे. म्हणून लिहिणारा जास्तीत जास्त लिही. वैद्याची बोटं नाडीवर नव्हती, जीभ बघता येत नव्हती, पोट दाबून बघता येत नव्हतं. त्याला जे काही कळायचं ते रोग्याच्या आणि घरच्यांच्या सांगण्यातूनच कळायचं. असल्या पत्रात बारकावा हा जीव वाचवण्याचा मार्ग होता, कारण दुसरा मार्गच हाताशी नव्हता.

ही पत्रं वैद्यालाच जात असं नाही. साताऱ्याजवळच्या धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामी राहत. शाहू महाराजांच्या राण्या, आंग्रे, पेशव्यांच्या घरची माणसं त्यांचे शिष्य. स्वामी वैद्य नव्हते. पण घरात कोणी पडलं की त्यांना कळवायचं, अंगारा मागवायचा, आशीर्वाद मागायचा, हे त्या घरांत ठरलेलं असे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हाही त्यांना छातीच्या दुखण्यानं पोखरलेलं होतं. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला तापानं गेले आणि त्याच डिसेंबरात चिमाजी आप्पा पुण्यात गेले. स्वतः स्वामी १७४५ साली धावडशीला वारले. मोहिमांच्या या धामधुमीतही या घरांतली माणसं आपल्या शरीराबद्दल गुरूला लिहीत राहिली. राज्याच्या कारभाराइतकंच शरीराचं म्हणणंही लिहिण्याजोगं आहे, असं त्यांना वाटत होतं.

आता मिरज. १७७० साली थोरले माधवराव कर्नाटकच्या स्वारीतून दुखण्यामुळे माघारी फिरले. हैदरावरच्या स्वारीचा भार त्र्यंबकराव पेठ्यांवर आला. त्यांच्या बरोबरीचे मिरजेचे गोपाळराव पटवर्धन, पेशव्यांचा कर्नाटकातला सर्वांत भरवशाचा माणूस. तेही दुखणं घेऊन आले आणि १७७१ साली वारले. त्याच साली मार्चमध्ये मोती तलावावर पेठ्यांनी हैदराचा मोड केला, आणि ती बातमी ऐकायला गोपाळराव नव्हते. पुण्यातला धनी आणि मिरजेतला सरदार एकाच सुमारास खंगत असताना या दोन गावांमध्ये जी पत्रं फिरत होती, त्यांत लढाईची बातमी आणि शरीराची बातमी एकाच कागदावर, एकामागून एक येते. पटवर्धनांची माणसं पुण्यात असत, छावणीत असत. श्रीमंतांची प्रकृती हा त्यांच्या लिहिण्यातला कायमचा विषय. ज्याला ताप येत होता तो राज्याचा कणा होता. त्याचं अन्न तुटलं तर मिरजेच्या जहागिरीचं पुढं काय, हा हिशेब त्या काळजीत होताच. पण तो होता म्हणून काळजी खोटी ठरत नाही.

माधवरावांना क्षय होता. शेवटी ते थेऊरला चिंतामणीच्या पायाशी जाऊन राहिले. वैद्य झाले, अनुष्ठानं झाली. मृत्यूच्या काही आठवडे आधी त्यांनी नऊ कलमांची याद करवून घेतली. कर्ज फेडावं ही काळजी त्यात होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले. वय सत्तावीस. त्यांच्या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉखला १८८२ साली सापडला, म्हणजे ११० वर्षांनी. आणि त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली. तेव्हा त्या पत्रांनी कोणाला वाचवलं, असं कोणी विचारलं तर चिमाजी आप्पांना नाही, गोपाळरावांना नाही, माधवरावांना नाही, असंच उत्तर द्यावं लागतं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आज मिरजेत क्षयाचा रोगी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊन घरी जातो आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. मी त्या काळचं औषध परत मागत नाही. त्या काळचं लिहिणं मागतो आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला सॅम्युएल ऑगस्ट टिसो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १७६१ साली, म्हणजे पानिपत झालं आणि माधवराव गादीवर आले त्याच वर्षी, सामान्य लोकांसाठी आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात प्रश्नांची एक यादीच दिली. दूर राहणाऱ्या डॉक्टरला पत्र लिहायचं असेल तर आधी या प्रश्नांची उत्तरं काढा, बायकांसाठी हे जादा, मुलांसाठी हे जादा. युरोपभरच्या रोग्यांनी त्यांना लिहिलेली हजाराच्या वर पत्रं लोझानच्या ग्रंथालयात आजही आहेत. एडिंबराच्या डॉक्टर विल्यम कलेन यांचं काम त्याहून मोठं. रोगी पत्र लिहिणार, कलेन पत्रानं सल्ला देणार, आणि आपल्या उत्तराची नक्कल ठेवणार. १७८१ पासून तर त्यांनी जेम्स वॉट यांचं नवं नक्कलयंत्र त्यासाठी वापरलं. त्यांची पाच हजारांहून जास्त पत्रं आणि कागद तिथल्या वैद्यांच्या संस्थेनं सांभाळले, विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एकेक वाचून ते सगळ्यांना खुले केले. डॉक्टर, इतिहासकार, भाषेचे अभ्यासक असे सगळे त्या कामाला एकत्र बसले. मिरजेच्या, साताऱ्याच्या कागदांच्या वाट्याला ही मेहनत का येऊ नये? गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या एवढ्या काळात काढून दाखवले. मनुष्यबळ आणि मन लावलं तर काम होतं, याचा दाखला आपल्या घरातच आहे.

पण या पत्रांत कोण नाही, हेही सांगितलं पाहिजे. सरदाराला ताप आला की चार गावांना जासूद सुटे. त्याच्या घोड्याच्या मोतद्दाराला ताप आला तर कोण लिहिणार? कुणबिणीचं बाळंतपण अडलं तर कोणत्या वैद्याला पत्र जाणार? कागद, कारकून आणि जासूद ज्याच्या पदरी, त्याचंच दुखणं आपल्यापर्यंत पोहोचलं.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पुण्याचं आहे आणि ते आपल्या सर्व शल्यचिकित्सकांना पाठ आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेतला बैल हाकणारा माणूस. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढं पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा करून घेतला, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती खूण केली, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांच्या मधली पट्टी मात्र तशीच ठेवली म्हणजे रक्त वाहतं राहील, आणि ती कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवली. वरून कातात भिजवलेल्या फडक्याच्या पट्ट्या. पाच-सहा दिवस उताणं निजायचं. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं, लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ते पत्ररूपानं छापून आलं, सोबत कावसजीचं चित्र. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि साऱ्या युरोपात ती पसरली.

या हकिकतीत मेणाचा पत्रा आहे, कात आहे, दिवसांचा हिशेब आहे. कावसजीचं एक वाक्य नाही. कपाळ सोलताना त्याला काय झालं, नाकाशिवाय काढलेल्या दिवसांत लोक त्याच्याशी कसे वागले, नव्या नाकातून पहिला श्वास घेताना कसं वाटलं, हे कोणी विचारून लिहिलं नाही. चेहरा जगभर गेला, आणि माणूस गप्पच राहिला. सरदारांची पत्रं आणि कावसजीची हकीकत शेजारी ठेवली की मला वाटतं, केसपेपरवर रोग्याची ओळ लिहिण्याचा हक्क हा सरदारापासून कावसजीपर्यंत आणून पोहोचवायचा राहून गेलेला हक्क आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्यांच्या रोग्यांची एकेकाची टिपणं चित्रांसकट करून ठेवली. ती सरस्वती महालात आहेत. मराठी राजाच्या पदरी साध्या रोग्याची नोंद ठेवण्याची ती सुरुवात होती. ती पुढं न्यायला हवी.

आता आजचं. १९८४ साली अमेरिकेत दोन अभ्यासकांनी डॉक्टर आणि रोग्यांची बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली. रोगी सांगायला लागल्यापासून सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला अडवत होते. २०१७ साली अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये एका भेटीला साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आपल्याकडच्या ओपीडीच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणाला आपण यातल्या कोणत्या टोकाजवळ आहोत हे वेगळं सांगायला नको.

माझ्या मामांची तासगाव भागात द्राक्षबाग आहे. मागं त्यांना त्रास सुरू झाला. एका ठिकाणी दाखवलं. मामा म्हणाले, “डॉक्टर, बांध चढाय लागलो की हितं जळजळतं, हाताचा पंजा ठेवावा एवढ्या जागेत. बसलो की जातं. जेवण्याचा काय संबंध न्हाई.” मी शेजारी उभा होतो. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द उतरले, ॲसिडिटी आणि पंधरा दिवस. गोळ्या लिहून दिल्या. रांग मोठी होती, डॉक्टर तरुण होता, सकाळपासून त्यानं पाणी प्यायलेलं दिसत नव्हतं. मी त्याला दोष देत नाही. पुढं मामांना दुसरीकडे नेलं. तिथल्या बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. मामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि त्या लगेच उठून ईसीजीच्या खोलीकडे गेल्या. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, मामा आज बागेत आहेत. चढावर येतं, बसलं की जातं, जेवणाशी संबंध नाही, एवढं सगळं रोग्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य जसंच्या तसं कागदावर राहिलं असतं, तर पुढच्या कोणाही वाचणाऱ्याला ते दिसलं असतं. दोन शब्दांत ते मिटून गेलं.

कुलगुरू महोदय, रोग्याची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी असं वैद्यकाची पाठ्यपुस्तकं कधीपासून सांगत आली आहेत. प्रत्यक्षात ती लिहिली जाते डॉक्टरच्या शब्दांत, डॉक्टरच्या इंग्रजीत. जतचा धनगर, कोयनेकाठचा शेतकरी, मिरज स्टेशनवरचा हमाल यांतलं कोणीही आपल्या कागदावर काय लिहिलंय हे वाचू शकत नाही. स्वतःचं दुखणं चुकीचं उतरवलं गेलं तर ‘असं न्हवं’ म्हणायची सोयही त्याला उरत नाही. मिरजेचा कारकून पत्र लिहून झालं की वाचून दाखवू शकत होता. आज तेवढंही होत नाही.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात रोग्याशी वागण्या-बोलण्याचं शिक्षण, ज्याला सगळे एटकॉम म्हणतात, रीतसर आलं आहे. सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेलाही जागा आहे. म्हणजे नियमात दार उघडं आहे, आत काय न्यायचं एवढंच ठरवायचं आहे. माझं म्हणणं असं की तिथं एक दिवस या पत्रांचा ठेवावा. मोडी शिकवायची गरज नाही, देवनागरी लिप्यंतर द्यावं. चार-पाच जणांच्या गटाला एक पत्र द्यावं आणि विचारावं: यातून रोगाबद्दल काय कळतं, काय कळत नाही, लिहिणाऱ्यानं काय पाहिलं, तुम्ही वैद्य असता तर उलट पत्रात कोणता प्रश्न विचारला असता? मग त्यांना वॉर्डात पाठवावं आणि एका रोग्याचं सांगणं तसंच लिहून आणायला सांगावं, त्याच्या बोलीत, दुरुस्त न करता, आणि परत जाऊन त्याला वाचून दाखवून. साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयासारख्या आयुर्वेदाच्या संस्थाही आपल्याच छत्राखाली आहेत. त्या विद्यार्थ्यांना तर या पत्रांतले काढे, मात्रा, अनुपानं ओळखू येतील. दोन्ही पद्धतींची मुलं एका कागदावर वाकून बसली तर दोघांनाही फायदा होईल, याची मला खात्री आहे.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. तीनशे रोग्यांच्या ओपीडीत निवासी डॉक्टरला ‘आणखी लिही’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पण रोगी रांगेत दोन-दोन तास बसलेला असतो. तो वेळ वाया जातो. टिसोंनी १७६१ साली जे केलं ते इथं करता येईल. अर्ध्या पानाचा साधा मराठी कागद, मिरजेत पाठीमागं कानडीतही: कधीपासून, केव्हा वाढतं, कशानं कमी होतं, झोप, जेवण, आधी कोणतं औषध घेतलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं. बरोबर आलेला मुलगा भरेल, नात भरेल. लिहिता येत नसेल तर इंटर्न किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी रोग्याच्या तोंडून लिहून घेईल. गावातून पाठवताना आशाताईंनी लिहून दिला तर आणखी चांगलं. त्यांना घरची परिस्थिती ठाऊक असते. डॉक्टरच्या टेबलावर रोगी बसायच्या आधी ते पान पोहोचलेलं असेल. डॉक्टरला लिहायचं नाही, फक्त वाचायचं आहे.

शिवाय डॉक्टर पुन्हा दूर चालला आहे. २०२० पासून ई-संजीवनीवर लोक घरबसल्या सल्ला घेऊ लागले. पाटणच्या डोंगरात बसलेली बाई पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलते, नाडी धरायला कोणी नाही. गोपाळरावांच्या वैद्याची जी अडचण होती तीच या डॉक्टरची आहे, आणि त्यावरचा उपायही तोच, नीट सांगणं आणि नीट विचारणं. ते शिकवायला आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वीचे नमुने पडून आहेत.

घरी सोडताना दिलं जाणारं कार्ड मराठीत असावं, हे मी वेगळं मागत नाही. पहिली ओळ मराठीत आली की शेवटची आपोआप येईल.

या कामासाठी खर्च फार नाही. खऱ्यांचे भाग छापलेले आहेत, पेशवे दप्तराचे खंड छापलेले आहेत. त्यांतली दुखण्याची पत्रं वेचून काढायला एक छोटी समिती पुरेल. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं प्रबंधासाठी हा विषय घ्यावा, मार्गदर्शक एक डॉक्टर आणि एक इतिहासाचा प्राध्यापक असावा, अशी परवानगी आपण दिलीत तरी सुरुवात होईल. न छापलेल्या मोडी कागदांचं लिप्यंतर करायला साताऱ्यात, सांगलीत, पुण्यात माणसं आहेत, आणि त्यातले बरेचसे हे काम पैशाची अपेक्षा न ठेवता करतील. मी त्यांतला एक.

पहिला वर्ग मिरजेत घ्यावा, असं सुचवतो. तारीख आपण ठरवावी. १७७०-७१ सालची पत्रं निवडून, लिप्यंतर करून मी बरोबर आणीन, आणि मुलांना ती वाचून दाखवीन.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
साताऱ्यातला एक मोडी वाचक